आबांनी ठेवलेली नावं

आमच्या घरातलं एकही बारसं भांडणाशिवाय पार पडलं नाही, असं माझी आत्या सांगते. नाव ठेवायचा मान आत्याचा. सगळीकडे तसंच असतं. आमच्याकडे नाव आबा ठरवायचे. आबा म्हणजे माझे आजोबा. पाळणा सजलेला, गल्लीतल्या बायका जमलेल्या, आणि आबा दारात उभे राहून आपल्या बहिणीला दम द्यायचे, "म्या सांगितलंय त्येच नाव घे. दुसरं घेतलंस तर पाळना सोडून ठेवीन."

बरं, नावं तरी घराण्यातली असावीत. आबांच्या वडिलांचं, चुलत्यांचं, कुलदैवताचं, काहीच नाही. मोठ्या काकांचं नाव आमच्या सगळ्या भावकीत कुणाचं नव्हतं. माझ्या वडिलांचंही तसंच. आत्या झाली तेव्हा त्यांनी एका पुरुषाच्याच नावाला शेवटी वेलांटी लावून ते तिला दिलं. आणि धाकट्या काकांच्या वेळी तर कहर झाला. आबांनी त्यांचं नाव मुसलमानी ठेवलं. हडपसर तेव्हा गाव होतं, आम्ही तिथले शेतकरी. गावाने आपल्यापुरता अर्थ लावून घेतला, की दर्ग्याला नवस बोलले असतील. आबांनी कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

धाकट्या काकांना ते नाव आयुष्यभर जड गेलं. शाळेत मास्तरांनी परस्पर दुसरं लिहिलं. लग्नपत्रिकेत कोणतं छापायचं यावरून घरात अबोला झाला. पुढे ते कारखान्यात लागले, दिवस बदलत गेले, तसं त्यांनी ते नाव घराबाहेर काढणंच बंद केलं. काकूसुद्धा त्यांना दुसऱ्याच नावाने ओळखायची. फक्त आबा भर रस्त्यात, माणसांनी भरलेल्या मंडईत, मोठ्याने त्याच नावाने हाक मारत. काका मान खाली घालून जवळ जायचे.

नातवंडांत पहिला माझा चुलतभाऊ. त्याचं नाव आबांनी ठेवलं. दुसरी मी. माझं नाव मुलालाही चालतं, मुलीलाही चालतं, त्यामुळे भांडण जरा कमी झालं म्हणे. माझ्यानंतर दोन वर्षांनी माझा भाऊ झाला. सगळे तयारीत होते. आईने विचारलं, "आबा, नाव काय ठेवायचं?" आबा म्हणाले, "मला काय इचारता? ठेवा की काय ठेवायचं त्ये." आणि उठून शेतावर निघून गेले. माझ्या भावाला याचं अजून वाईट वाटतं. आपल्यात काय कमी होतं, असं तो हसत हसत विचारतो, पण विचारतो.

आबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. त्यांना शौर्यपदक मिळालं होतं. ते धाकट्या काकांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या कपबश्यांच्या शेजारी असायचं. दर सव्वीस जानेवारीला गावातल्या शाळेत आबांना झेंड्यापाशी नेत. मुख्याध्यापक सांगत की सगळे साथीदार पडले असताना या वीराने एकट्याने चौकी राखली. टाळ्या व्हायच्या. आबांना दोन शब्द बोलायला सांगत. आबा "जय हिंद" म्हणत आणि खाली बसत. ते खरोखरच दोन शब्द झाले, असं एक शिक्षक कुजबुजले होते. मला तेव्हा आबांचा अभिमान वाटायचा आणि थोडी निराशाही. एकदा मी घरी येऊन विचारलं, "आबा, तुम्ही किती जणांना मारलं?"

"मोजाया कोन व्हतं," आबा म्हणाले.

हाक मारायची त्यांची एक तऱ्हा होती. बाकीच्यांना ते एकदा हाक मारत. मला मात्र मी "ओ" दिली तरी पुन्हा हाक मारत, आणि पुन्हा, मी समोर येऊन उभी राहीपर्यंत. मी चिडायचे. "अहो आबा, ओ दिली ना मी!" आबा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचे आणि काम काय होतं ते विसरून जायचे.

मी लग्न होऊन वारज्याला आले. कोथरूडच्या एका शाळेत शिकवते, मुलगा कॉलेजात जातो. मधल्या काळात हडपसरची आमची शेती गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि आबा नव्वदी ओलांडून गेले. एका दिवाळीनंतर ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण धाकट्या काकांच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आबांना जिना चढवणार कोण? आमच्याकडे लिफ्ट आहे. मी म्हटलं, थंडी संपेपर्यंत माझ्याकडे राहू देत. अशा रीतीने आबा आमच्या नवव्या मजल्यावर आले.

सकाळी त्यांना बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी खुर्चीत बसवलं की ते खालचा हायवे बघत बसत. पहिले काही दिवस बरे गेले. मग डिसेंबरात एका सकाळी मुठा नदीच्या बाजूने धुकं चढलं. हायवे गेला, समोरची सोसायटी गेली, काचेच्या पलीकडे नुसतं पांढरं उरलं. मी ओट्यापाशी चहा ठेवत होते. आबांचा आवाज आला, म्हाताऱ्याचा नव्हे, असा मी कधी न ऐकलेला कडक आवाज. त्यांनी मोठ्या काकांना हाक मारली. मग माझ्या वडिलांना. मग आत्याला, पण वेलांटी न लावता. मग धाकट्या काकांना, त्या नावाने. मग चुलतभावाला. शेवटी मला.

मी धावत गेले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते अर्धवट उठले होते आणि धुक्याकडे बघत होते. मी त्यांना खाली बसवलं, खांद्यावर शाल टाकली. चहा पाजला. धुकं उतरलं तसे ते निवळले.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या वयात ऑपरेशननंतर असं होतं. मला वाटलं, आबांना सगळ्यांना भेटायचंय. शेवटचं जवळ आलं की माणसं आपल्या लोकांची नावं घेतात. मी सगळ्यांना फोन केले. रविवारी सगळे आले. आत्या तर दारातूनच डोळे पुसत आत शिरली. आबांनी सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "का रं, काय झालं? कोन गेलं?" मग जेवण झालं, गप्पा झाल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतरच्या धुक्याच्या सकाळी मी ओट्यापाशी न थांबता दारातच उभी राहिले. आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं की प्रत्येक हाकेनंतर आबा थोडे थांबतात आणि स्वतःच ओ देतात. प्रत्येकाची ओ वेगळी. मोठ्या काकांच्या नावाला घोगरी. वडिलांच्या नावाला बारीक, कोकणी हेल असलेली. धाकट्या काकांच्या नावाला "जी, हाजिर!" अशी हिंदीतली, खणखणीत. एक नव्वदीचा माणूस, तोंडात दात नाहीत, आणि त्याच्या तोंडून वेगवेगळी तरुण माणसं बोलत होती.

मग त्यांनी माझं नाव घेतलं. यावेळी त्यांनी ओ दिली नाही. ते वाट बघत राहिले. मान जराशी वळवून, कान देऊन.

लहानपणाच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ, आबा."

ते एकदम वळले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू फुटलं. "हायस व्हय?" ते म्हणाले. "पानी पायजे का रं?"

"नको, आबा."

"आरं, मगाशी मागितलंस न्हवं?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. धुक्याकडे तोंड करून बसून राहिले आणि मी चहा द्यायला गेले तेव्हा त्यांच्या गालांवर पाणी होतं.

मी धाकट्या काकांना बोलावून घेतलं. आबा आजवर काकांजवळ राहिलेले, काकांना त्यांची नस माहीत. मी सगळं सांगितलं. काका बोटातली अंगठी फिरवत ऐकत होते. दुपारी आबा जेवले, ऊन अंगावर घेत बसले. दुपारचे ते अगदी नेहमीचे आबा असायचे. काकांनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

"आबा, एक विचारू का? माझं नाव कुणाचं आहे?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता "मोजाया कोन व्हतं" सारखं काहीतरी तुटक बोलून विषय संपवतील. पण ते म्हणाले, "माझ्या गनवाल्याचं. इटलीत मशीनगन चालवायचा त्यो."

मग ते बोलत गेले, मधेच थांबत, काही ठिकाणी मागे जात. मी ते सरळ करून सांगते.

डोंगरावर दगडी घर होतं, छप्पर उडालेलं. आबा आणि आणखी सहा जण त्यात चौकी धरून होते. खाली नदी, पलीकडे जर्मन. पहाटेपासून तोफगोळे पडायला लागले आणि उजाडेपर्यंत उभे फक्त आबा राहिले. मग गोळे थांबले. नदीवरून धुकं वर चढत आलं आणि त्या धुक्यात माणसं चढत येतानाचे आवाज यायला लागले. दगड घसरल्याचे, कुणी खोकल्याचे.

"एकला मानूस हाय म्हून कळलं आसतं तर पळत आली आसती," आबा म्हणाले. "मंग म्या वरडाया लागलो. तू हिकडनं मार, तू तिकडनं मार. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याच्या खिडकीत जायचं, त्याच्यावानी ओ द्यायची अन् त्याच्या बंदुकीनं गोळी झाडायची. मंग दुसरी खिडकी."

"आणि ते सगळे..." काकांनी विचारलं.

"तिथंच की. त्यास्नी वलांडून जाया लागायचं." आबांनी आपल्या हाताकडे बघितलं. "तुझ्या नावाच्याची बोटं गनवरनं सुटंनात. येकेक बोट सोडवलं. त्याला म्हनलं, दे बाबा, आता मला दे."

उन्हं वर येईपर्यंत हे चाललं. मागची तुकडी पोचली तेव्हा जर्मन नदीपलीकडे परत गेले होते. गोरा साहेब आत आला. त्याला खालपासून इतके आवाज ऐकू आले होते की आत भरपूर माणसं असणार, असं तो धरून आला होता. त्याने विचारलं, बाकीचे कुठे आहेत? आबा म्हणाले, "समदी हाईत, साहेब." मग साहेबाने स्वतः फिरून बघितलं. पुढे पदकाची शिफारस त्यानेच केली.

मी विचारलं, "आणि माझं नाव, आबा?"

आबांनी काचेतून खाली बघितलं. खाली सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता, त्याचा पंप घरघरत होता.

"त्यो ल्हान व्हता," ते म्हणाले. "मिसरूड बी न्हवतं फुटलं नीट. त्याला म्या पयली हाक मारली, तवा त्यानं ओ दिली. खरीच दिली. म्या म्हनलं, मेला समजून वलांडलं आन् ह्यो जित्ता हाय! पानी मागितलं त्यानं. म्हनलं, आलो. पर खाली मानसं चढत व्हती. खिडकी सोडली आसती तर समदं गेलं आसतं. दुसरी हाक मारली, तवा बी दिली, बारीक. म्हनलं, आलो रं, आलो. तिसऱ्याला..." त्यांनी हात हलवला. "तिसऱ्याला म्याच दिली मंग. त्याच्या आवाजात."

काका उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, पण ते पाणी प्यायले नाहीत, नुसता नळ सोडून उभे होते.

"तुजं नाव लई दिस ठेवलंच न्हाई," आबा मला म्हणाले. "बाकीच्यांची ठेवली. धीर व्हईना. तुज्यावर सहा पुरी झाली."

जाताना काका लिफ्टपाशी थांबले. ते चिडले होते. "साठ वर्षं मी मेलेल्या माणसाचं नाव घेऊन हिंडतोय," ते म्हणाले. "लोकांची बोलणी खाल्ली, मारामाऱ्या केल्या. एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं या माणसाने, तर मी ते नाव छातीवर लिहून फिरलो असतो." लिफ्ट आली, गेली, त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "त्याचं गाव विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

ते मी दुसऱ्या दिवशी विचारलं. आबांना एवढंच आठवत होतं की तो गनवाला कऱ्हाडच्या बाजूचा होता. बापाचं नाव? "फौजंत लिवल्यालं आसंल. मला कुटलं ठावं."

मला वाटलं होतं, इतक्या वर्षांचं बोलून टाकल्यावर आबांना जरा हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. धुकं पडलं की हाका येत. जानेवारीत एका सकाळी त्यांनी माझं नाव घेतलं, मी जवळ गेले, आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "पानी पायजे का रं?"

मी म्हटलं, "हो. द्या."

शेजारच्या टेबलावर त्यांचा तांब्या-भांडं होतं. मी मदत केली नाही. त्यांनी स्वतःच भांडं भरलं. निम्मं त्यांच्या मांडीवर सांडलं. मग दोन्ही हातांनी ते माझ्यासमोर धरलं. मी खाली बसले आणि प्यायले. ते माझ्या घशाकडे बघत होते, प्रत्येक घोट खाली उतरताना. भांडं रिकामं झाल्यावर त्यांनी ते परत घेतलं.

"लई उशीर झाला रं," ते म्हणाले.

त्यानंतर मी कधी "द्या" म्हटलं नाही. पुन्हा ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

आबा उन्हाळा लागता लागता गेले, झोपेतच. सैन्यातून माणसं आली, बिगूल वाजला, पेपरात फोटो आला. दहाव्याला आम्ही नदीकाठच्या घाटावर होतो. आबांचं झाल्यावर माझे वडील गुरुजींना म्हणाले, "आणखी काही जणांचं पाणी सोडायचं आहे. आबांच्या बरोबरचे होते." आम्ही आदल्या दिवशीच ते ठरवलं होतं.

"सोडू की," गुरुजी म्हणाले. "नावं सांगा."

मोठ्या काकांनी स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांनी स्वतःचं. आत्याने वेलांटी काढून स्वतःचं. मग चुलतभावाने आणि मी आपापलं.

गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली. "अहो, मी तुमची नावं विचारत नाहीये. गेलेल्यांची विचारतोय."

"गेलेल्यांचीच सांगतोय," वडील म्हणाले.

गुरुजींनी आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. वडिलांनी त्यांना थोडक्यात सांगितलं. ते ऐकत असताना गुरुजींच्या कपाळावरची आठी गेली. "गोत्र माहीत नसेलच," ते म्हणाले. "काश्यप म्हणू." आणि एकेक नाव घेऊन त्यांनी पाणी सोडायला लावलं. माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकताना, पुढे "प्रेत" हा शब्द ऐकताना, मी चुलतभावाचा हात घट्ट धरला होता.

धाकटे काका शेवटी पुढे झाले आणि त्यांनी ते नाव सांगितलं. घाटावर, चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने.

गुरुजी थांबले. "यांचं मला नाही करता येणार," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारा. करा मात्र नक्की."

हडपसरच्या बाजारात एक म्हातारे गादीवाले चाचा आहेत. त्यांच्या घराण्याने आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या गाद्या भरल्यात. काका त्यांच्याकडे गेले, मला सोबत घेऊन. सगळं सांगून झाल्यावर चाचांनी चष्मा काढला. "तुम्हाला त्या नावाने मारलेल्या हाका मी लहानपणापासून ऐकतोय," ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं, दर्ग्याचा नवस असेल." त्यांनी गुरुवारी संध्याकाळी घरी बोलावलं.

आम्ही गेलो. त्यांच्या सुनेने गोड शिरा केला होता. तबकावर जाळीचं झाकण होतं, उदबत्ती लावलेली होती. आम्ही डोकी झाकून बसलो. चाचांनी हात उघडे धरले, गेलेल्याच्या नावाने फातेहा पढायला सुरुवात केली आणि मधेच काकांकडे वळून हळूच विचारलं, "वडिलांचं नाव?"

काकांनी मान हलवली. माहीत नाही.

"कुणी मागे होतं त्याच्या? बायको, मूल?"

"तेही माहीत नाही," काका म्हणाले. "म्हणूनच मी आलोय."

चाचांनी पुढे पढलं. नावापाशी आले तेव्हा काकांनी डोळे मिटले होते आणि ते नाव चाचांच्या बरोबर, ओठांतल्या ओठांत म्हणत होते. झाल्यावर सगळ्यांना शिरा वाटला. काकांनी थोडा खाल्ला, थोडा रुमालात बांधून काकूसाठी घेतला.

परत येताना मी त्यांच्या मागे स्कूटरवर बसले होते. सोलापूर रस्त्यावर गर्दीत अडकलो, तेव्हा ते मागे न बघता म्हणाले, "त्याची आई त्याला काय म्हणत असेल गं घरात?"

मला वाटलं, ते त्यांच्या गनवाल्याबद्दल बोलतायत. मी मात्र त्या वेळी दुसऱ्याचा विचार करत होते, माझ्या नावाच्या त्या पोराचा, ज्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. तो गेला त्या वयाचा माझा मुलगा आहे. मी आता त्याच्या आईच्या वयाची आहे. कुठल्या गावात ती बसली होती, तिला तार कुणी वाचून दाखवली, यातलं मला काहीच कळणार नाही. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि काकांनी स्कूटर पुढे काढली.